सहावी टिचकी

१

आठवडाभर धुकं होतं. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहत होते आणि बरणीतलं मीठ दगड होऊन बसलं होतं. त्या दिवशी मात्र कुणी चादर झटकावी तसं धुकं सकाळीच निघून गेलं. ऊन स्वच्छ पडलं, वारा पार थांबला, आणि घरातलं सगळं लाकूड, दाराच्या फळ्या, जिन्याच्या पायऱ्या, खिडकीची चौकट, आकसताना बारीक बारीक कुरकुरू लागलं.

माडीवरच्या खिडकीपाशी टाचणीने खोचलेला केसासारखा एक तंतू होता. हवा दमट असली की तो सरळ होई, कोरडी झाली की स्वतःभोवती वेटोळं घाली. हळूकाका रोज सकाळी आधी त्याच्याकडे बघत आणि मग चूळ भरत. त्या दिवशी तंतू घट्ट वळला होता.

"आज फुटणार," ते स्वतःशीच म्हणाले.

हळूकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण त्यांचा चहाचा एक कप संपेपर्यंत समोरच्याचे दोन होत. ते जिना चढायला लागले की मागचा माणूस आपण होऊन खाली थांबे. आणि कुणी घाई केली तर ते रागावत नसत, फक्त आणखी हळू होत. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. सही तेवढी येत होती, तीही कागदाला दुखू नये अशी करत. धंदा रानटी बियांचा. ओसाड जागा, पडक्या भिंती, रस्त्यांच्या कडा हिंडून चाळीस वर्षं त्यांनी बी जमवलं, वाळवलं, पुड्या बांधून दिलं. त्यातही हात बसलेला होता तो बगळचोचीवर.

बगळचोच म्हणजे कुणीही मुद्दाम लावत नाही असं रोप. भिंतीच्या भेगेत, गटाराच्या काठाला, दगडी पायरीच्या सांध्यात ते आपलं आपण येतं. पान वाटोळं, पण कात्रीने पाच-सात बोटं कापून ठेवल्यासारखं. अंगावर मऊ लव, देठ लालसर, आणि ऊन तापलं की झाडच्या झाड लाल. फूल नखाएवढं, गुलाबी. पाला ठेचून कापल्या बोटावर बांधला तर रक्त थांबतं, काढ्याच्या गुळण्या केल्या तर सुजलेल्या हिरड्या आवळतात, पोट बिघडलं तर घोटभर पितात, म्हणून औषधं करणारे ते वाळवून नेतात. चोळलं तर वास असा की डास सोडाच, पाहुणेसुद्धा पळतात, असं त्यांची बायको, सगळ्यांची काकू, म्हणायची. आयुष्य म्हणाल तर वर्षभराचंही पुरतं नाही. उगवलं, फुललं, बी फेकलं, मेलं.

हळूकाकांना त्याची एक गोष्ट फार आवडे. भेगेतून बाहेर झुकलेलं रोप वाढून जड झालं की त्याची खालची पानं वाळून गळतात, पण देठ गळत नाहीत. ते मागे वळतात, भिंतीला टेकतात, आणि वरच्या झाडाला तोलून धरतात. पान गेलं तरी देठ काम सोडत नाही. हे ते प्रत्येकाला दाखवत, आणि प्रत्येक वेळी आपणच पहिल्यांदा पाहिल्यासारखे गप्प होत.

२

फूल गळलं की त्या जागी लांब, अणकुचीदार टोक धरतं. अगदी बगळ्याची मिटलेली चोच. चोचीच्या बुडाशी बिया, एकेक बी आपापल्या पिशवीत. प्रत्येक पिशवीला एक तंतू, आणि सगळे तंतू मधल्या काडीला चिकटलेले. चोच वाळत जाते तसा त्या तंतूंना ताण बसतो, धनुष्य ओढावं तसा. एका क्षणी तंतू खालून सुटतो, वर उसळून वेटोळं घालतो, आणि बी पाच-सहा पावलं लांब भिरकावलं जातं. ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. हळूकाकांनी हजारो वेळा पाहिलं होतं, तरी दर वेळी त्यांचा श्वास थोडा अडकेच.

आता यात अडचण अशी, की चोची वाळायच्या आधी झाकल्या तर आतल्या आत बुरशी धरते. उशिरा झाकल्या तर बी खोलीभर उडतं, आणि मग बसा गुडघ्यावर, फरशीच्या फटी कोरत. म्हणून माडीवर त्यांची एक रीत होती. चोची पसरट परातींत पसरून उन्हाच्या पट्ट्यात ठेवायच्या. त्यांतलीच एक चोच मेणाच्या गोळीत खोचून पितळी ताटलीत उभी करायची आणि वर काचेचा पेला उपडा घालायचा. हिला ते साक्षीदार म्हणत. परातीत काय चाललंय ते कळत नाही, पण साक्षीदाराचं बी काचेवर आपटतं आणि कुणी नखाने टिचकी मारावी तसा आवाज होतो. साक्षीदार फुटला की बाकीच्याही पाठोपाठ फुटणार. सहावी टिचकी पडली की परातींवर मलमल टाकायची. ना आधी, ना नंतर.

दुसरा नियम, त्या खोलीत बोलायचं नाही. आवाजच इतका बारीक की कुणी नाक ओढलं तरी एखादी टिचकी हुकायची.

त्या दिवशी तीन पराती होत्या. हळूकाका आपल्या खुर्चीत बसले. दुपार वर चढली, उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत ताटलीपाशी आला. एक. दोन आणि तीन जवळजवळ हातात हात घालून. मग बराच वेळ नुसतं लाकूड कुरकुरत राहिलं. चार. पाच. आणि मध्ये दोन श्वास जावेत इतकं थांबून, जरा जाड आवाजाची, सहा.

ते उठले आणि त्यांनी मलमल टाकली.

३

त्या दिवशी खोलीत ते एकटे नव्हते. शहराच्या दुसऱ्या टोकाला रानटी बी थंड खोल्यांत जपून ठेवणारा एक संग्रह होता. तिथली एक बाई दारापाशी स्टुलावर वही घेऊन बसली होती. हळूकाकांकडून बी नेता नेता तिला पंधरा वर्षं झाली होती. येत्या रविवारी त्यांचा मुलगा येऊन त्यांना कायमचं घेऊन जाणार होता. गेल्या थंडीत ते जिन्यावरून घसरले आणि दोन तास तसेच पडून राहिले, त्यानंतर मुलाने काही म्हणून ऐकून घेतलं नाही. हळूकाकांनीही शब्द दिला होता. तेव्हा माणूस जातोय तर त्याची रीत निदान कागदावर राहू दे, म्हणून बाई आली होती.

मलमल टाकून झाल्यावर तिने लिहिलेलं वाचून दाखवलं. चोच कधी तोडायची, रंग कसा हवा, पेला केवढा हवा. शेवटच्या ओळीवर ती थांबली.

"काका, इथे पाच लिहू ना?"

"सहा," हळूकाका म्हणाले.

"पण चोचीत बियाच पाच असतात. पाच पाकळ्या, पाच पिशव्या, पाच तंतू. सहावी येणार कुठून?"

हळूकाका हसले. चाळीस वर्षांत आपण काय चुकीचं मोजलं की काय, असं म्हणत त्यांनी पेला उचलला. मेणाच्या गोळीत ती काडी उभी होती, आणि तिच्या टोकाला छोट्या झुंबरासारखे वळलेले तंतू. त्यांनी एकेक नखाने चाचपला. पाच. ताटलीत बिया पाच. त्यांनी ताटली उचलून खालीही पाहिलं. पेल्याच्या आत बोट फिरवलं. मग पुन्हा तंतू मोजले, या वेळी उलटीकडून, जणू उलटीकडून मोजल्याने एखादा जास्त निघणार होता.

"तुम्ही ऐकली ना सहावी?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाली, ऐकली की, पण तिला वाटलं ती शेजारून आली. पलीकडे शिवणकाम चालतं ना, आणि भिंत तर पत्र्यासारखी पातळ. तिने वहीत पाच लिहिलं, खाली रेघ ओढली, हळूकाकांना वाकून नमस्कार केला, आणि खाली उतरली.

४

हळूकाका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिले.

रोज ज्या जिन्याने चढतो त्याच्या पायऱ्या किती, हे माणसाला पटकन सांगता येत नाही. पाय मात्र अंधारातही चुकत नाही. त्यांच्या कानांचं तसं झालं होतं. चाळीस वर्षं सहा ऐकल्या, म्हणून सहा. त्यात झाडाच्या किती आणि कुणाच्या किती, याचा हिशेब कानांनी कधी ठेवलाच नव्हता.

सहावी टिचकी काकूची होती.

लग्न झाल्यापासून दोघं त्या खोलीत समोरासमोर बसत. ती मलमलीच्या कडा शिवायची, मधल्या बोटात शिवणाची पितळी टोपी घालून. बोलायचं नाही हा नियम तिनेच केला होता, आणि सगळ्यांत जास्त तिनेच मोडला होता. मग त्यावर उपाय म्हणून टिचक्या आल्या. झाडाच्या पाच झाल्या की ती टोपीने शेजारच्या उपड्या पितळी वाडग्यावर एकदा वाजवायची. म्हणजे, झाका. काका मलमल टाकून खिडकीच्या चौकटीवर बोटाने एकदा वाजवायचे. म्हणजे, झाकलं. मग ती आणखी एकदा. म्हणजे, चला. चला म्हणजे खाली, चहाला. सहा, सात, आठ. पाच झाडाच्या आणि तीन नवरा-बायकोच्या.

काकूला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्यामागे काकांनी चौकट वाजवणं सोडलं, कारण झाकलं हे सांगायचं तरी कुणाला. आठवीचा प्रश्नच नव्हता. आणि सहावी?

सहावी कधी बंद झाली, ते हळूकाका आठवू लागले. आधी सावकाश, मग जरा भरभर, जन्मात कधी केला नव्हता इतक्या भरभर त्यांनी विचार केला. ती गेली त्यानंतरचा पहिला हंगाम. मग दुसरा. मग हा. त्यांच्या दंडावरचे पांढरे केस एकेक करून उभे राहिले.

ती बंद झाल्याचं त्यांना आठवेचना. तीन हंगाम ते मुकाट्याने सहा मोजत होते, आणि झाकत होते.

त्यांनी स्वतःला समजावलं. कान म्हातारे झाले. कापून टाकलेल्या पायाचाही अंगठा खाजतो म्हणतात, तसं कानही वाजत असतील. पण बाईचे कान तर तरुण होते. तिनेही ऐकली होती. मग शेजारीणच असणार, दुसरं काय.

५

भिंतीपलीकडे शिवणवाली राहत होती. दोन वर्षांपूर्वी आली होती, तिने काकूला कधी पाहिलंही नव्हतं. तिचं यंत्र तिच्या माडीवर, बरोबर त्या पातळ भिंतीला लागून. जीभ कात्रीसारखी, पण हळूकाका पडले होते तेव्हा दार फोडून आत शिरली ती हीच.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ते तिच्याकडे गेले. तिने खुर्ची ओढून दिली आणि म्हणाली की काका, तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत तुम्ही पोचेस्तोवर माझी बटणांची दोन काजं करून झाली. हळूकाकांनी तिला विचारलं की शिवताना बोटात टोपी घालतेस का, आणि ती कुठे आपटते का. ती म्हणाली छे, ती टोपी घातली की बोट तुरुंगात टाकल्यासारखं वाटतं, आपली बोटं मोकळीच टोचून घेतलेली बरी. आणि तिने दाखवलीही, भोकं पडलेली बोटं.

"पण हंगामात तुमची टिकटिक ऐकते की रोज," ती म्हणाली. "माझं घड्याळ बंद पडलंय ना. तुमची पहिली पडली की मी यंत्र थांबवते, आणि सहा झाल्या की चहा टाकते."

"सहा?"

"सहाच. पाच बारक्या आणि एक जाड. शेवटची तुम्ही मारता ना, संपलं म्हणून?"

हळूकाकांनी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले, पोरी, आज एक काम कर. यंत्र बंद ठेव, आणि दुपारी चहा घेऊन अंगणात बस, मला वरून दिसशील अशी. या वयात माझ्यावर पाळत ठेवता का, असं तिने विचारलं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून तिने थट्टा तिथेच सोडली आणि बरं म्हणाली.

दुपारी नव्या चोची परातींत पसरून, साक्षीदार बसवून हळूकाका खिडकीपाशी टेकले. खाली अंगणात शिवणवाली पायरीवर बसली होती. तिने कप दोन्ही हातांनी धरला होता, दहाच्या दहा बोटं दिसत होती. पलीकडची खोली बंद, यंत्र गप्प. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक. दोन. तीन. चार. पाच.

शिवणवालीने कप तोंडाला लावला.

सहावी पडली.

ती भिंतीतून आली नाही. ती खोलीतूनच आली, समोरून, बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवरून. तिथे काकूची खुर्ची होती, रिकामी. खुर्चीच्या शेजारी तिपाईवर तिचा उपडा वाडगा होता.

हळूकाका उठले नाहीत. उठायला हवं हे कळत होतं, पण नजर वाडग्यावरून हलेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा परातींवर मलमल पडली नाही, आणि चोची फुटायला लागल्या. आधी एकेक, मग दहा-दहा, मग एकदम. उन्हाच्या पट्ट्यात शेकडो बिया उसळल्या. काचेवर, भिंतीवर, त्यांच्या कपाळावर, मिटलेल्या पापण्यांवर बारीक वाळू मारावी तसा मारा. झाडाच्या अंगी एवढा जोर असतो आणि आपण तो जन्मभर फडक्याखाली दडपत आलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि भीतीच्या मधोमध त्यांना हात जोडावेसे वाटले.

मग त्या सगळ्या तडतडीतून पुन्हा एकदा, घाईने, जरा जोरात, वाडगा वाजला.

झाका.

हळूकाकांनी मलमल टाकली.

६

शनिवारी सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, ते पुन्हा माडीवर गेले. रात्रभर त्यांनी स्वतःशी वाद घातला होता. पालही टकटक करते. पितळही उन्हात तडकतं.

आधी त्यांनी सुनेला फोन लावला. काकूची ती पितळी टोपी आठवण म्हणून सून घेऊन गेली होती. सून फोन धरूनच उठली, खण उघडल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "इथेच आहे, बाबा. हवी आहे का तुम्हाला?" नको, त्यांनी सांगितलं, नीट ठेव.

काकूच्या बाजूला त्यांनी तीन वर्षांत झाडू लावला नव्हता. जीवच झाला नव्हता. तिपाईवर, वाडग्यावर धुळीचा मऊ थर बसला होता, गोधडीसारखा. ते वाकले. वाडग्याच्या पाठीवर, अगदी मध्यावर, मोहरीच्या दाण्याएवढा एक ठिपका लखलखत होता. तेवढ्या जागेवर धूळ नव्हती. भोवतालची धूळ कुणाचं बोटही न लागता तशीच होती.

एवढं पाहून दुसरा कुणी खाली आला असता. पण हळूकाका हळू होते. ते सरळ व्हायलाच वेळ लावत, आणि सरळ होता होता त्यांची नजर फरशीवर गेली.

कालच्या बिया सगळीकडे पडल्या होत्या. दारापाशी, खिडकीच्या कट्ट्यावर, त्यांच्या स्वतःच्या खुर्चीवर, कोपऱ्यातल्या पोत्यावर. बारीक, तपकिरी, दाट. फक्त काकूच्या खुर्चीच्या मागे फरशीचा एक पट्टा कोरा होता. पावसात माणूस उभा राहिला की त्याच्या मागे जमीन कोरडी राहते ना, तसा. खुर्चीच्या काठ्या बारीक होत्या, पाठ वेताची, आरपार दिसणारी. तिने एवढं अडवणं शक्य नव्हतं. पट्टा खुर्चीपाशी मांडीएवढा होता, आणि पुढे भिंतीवर चढत गेला होता. भिंतीच्या चुन्याचे सगळीकडे बियांच्या माराने बारीक टवके उडाले होते. त्या टवक्यांच्या मधोमध एक जागा गुळगुळीत राहिली होती, खांद्यांएवढी रुंद, आणि वर डोक्याएवढी गोल. डोकं किंचित डावीकडे कललेलं, शिवताना कलतं तसं.

खुर्चीच्या पुढे, पायांच्या जागी, बियांची छोटीशी रास होती. कुणाच्या तरी पदरावर पडून ओघळल्यासारखी.

हळूकाका आपल्या खुर्चीत बसले. किती वेळ बसले कोण जाणे. भीती होती, नाही असं नाही. पण त्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्या खोलीत होतं, आणि त्याच्यापुढे आपण अगदी लहान आहोत, हे त्यांना त्या रोपापुढे जसं कळे तसं कळलं. पान गेलं. देठ मागे वळला, भिंतीला टेकला.

ती रास त्यांनी झाडली नाही.

७

रविवारी मुलगा संध्याकाळी येणार होता. सामान खाली दारात बांधून ठेवलं होतं. पराती दोन दिल्या होत्या, एक राहिली होती, आणि शेवटच्या थोड्या चोची.

हळूकाकांना आता एकच गोष्ट टोचत होती. तीन हंगाम ती झाका म्हणत राहिली, आणि आपण एकदाही झाकलं म्हटलं नाही. माणूस जिवंतपणी सुद्धा एवढा वेळ वाट बघत नाही. तसंच उठून मुलाच्या घरी गेलं, तर पुढच्या हंगामात इथे ना परात असेल ना साक्षीदार, आणि ती मात्र त्या खुर्चीत कान लावून बसेल. हे त्यांना सोसणारं नव्हतं. आणि उत्तर दिलं तर? उत्तर दिलं की तिची पाळी. मग ती चला म्हणणार. पूर्वी चला म्हणजे खाली, चहाला. आता चला म्हणजे कुठे, हे विचारायची सोय नव्हती.

मुलाला शब्द दिला होता. नातवाने खोलीत त्यांच्यासाठी खाटेची जागा केली होती म्हणे.

दुपारी त्यांनी साक्षीदार बसवला. भिंतीपलीकडे शिवणयंत्र चालू होतं, मग एकेक टिचकी पडू लागली तसं ते थांबलं. शिवणवालीची चहाची वेळ होत आली असावी. एक, दोन. तीन. चार. बऱ्याच वेळाने पाच.

सहा.

हळूकाका उठले. मलमल दोन्ही टोकांना धरून नीट, सुरकुती न पडू देता, परातीवर टाकली. मग खिडकीपाशी गेले. चौकटीवर बोटाची जागा अजून होती, लाकूड तिथे गुळगुळीत होऊन खोलगट झालं होतं. त्यात बोट अगदी बरोबर बसलं.

त्यांनी एकदा वाजवलं. झाकलं.

आणि मागे न वळता वाट पाहिली. मलमलीखाली चोची तडतडल्या, विरळ झाल्या, थांबल्या. ऊन फरशीवरून सरकून भिंतीवर गेलं. लाकूड एकदा कुरकुरलं. बस्स, एवढंच. काही आलं नाही. हळूकाकांना हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी वाईटही. बरं तर, ते मनात म्हणाले, रागावली असशील.

खाली गाडी थांबल्याचा आवाज झाला, मुलाने हाक मारली. त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं, कडी लावली नाही. रबरी टोकाची काठी पुढच्या पायरीवर, मग डावा पाय, मग उजवा. पायऱ्या कुरकुरत होत्या, गुडघे त्यांना साथ देत होते, आणि एकीकडे ते पुटपुटत पायऱ्या मोजत होते, आयुष्यात पहिल्यांदाच. अकरा निघाल्या.

मुलगा सामान गाडीत ठेवत होता. शिवणवाली आपल्या माडीवरून उतरून जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी होती. हातातला चहा तसाच होता, वर साय धरलेली. तिला चौकटीचं, वाडग्याचं, चलाचं कुणीच काही सांगितलं नव्हतं. हळूकाका तिचा निरोप घ्यायला थांबले, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे बघत होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "आज आठ झाल्या. सात भिंतीतून आल्या, आणि आठवी आत्ता, जिन्यात, तुमच्या मागच्या पायरीवर."